वार्ता कर्करोगाची

आठवी-नववीच्या वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहावा. ‘कॅन्सर’ हा शब्द तुम्ही सर्वांत आधी कुठे ऐकलात? शाळांमधून तंबाखूविषयी बोलायला जातो तेव्हा आम्ही सुरुवात याच प्रश्नाने करतो. बहुतेक हात पटापट वर होतात. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दाखवतात तेव्हा ऐकला, असे कोणी सांगते. कोणी मोबाइलवर पाहिलेला असतो, कोणी पुडीवर वाचलेला. आणि एखादी मुलगी जरा थांबून सांगते की, आत्याला काय झाले आहे हे घरात कोणी मोठ्याने बोलतच नसे. स्वयंपाकघरात हळू आवाजात चाललेल्या बोलण्यातून तिला ते कळले.

या चार उत्तरांत शंभर वर्षांचा इतिहास येऊन जातो. कर्करोगाचा इतिहास म्हटला की आपण क्ष-किरण, रेडियम, शस्त्रक्रिया आणि औषधे यांच्याकडे वळतो. पाठ्यपुस्तकेही तेच करतात. पण या रोगाची वार्ता माणसांपर्यंत कशी पोचली, कोणी पोचवली आणि कोणी पोचू दिली नाही, हाही एक इतिहास आहे. छापील मासिक, रेडिओ, दूरचित्रवाणी, टेलिफोन, संगणक ही साधने एकामागून एक आली. प्रत्येक वेळी असे वाटले की, आता माहिती सर्वांना मिळेल आणि रोग आटोक्यात येईल. तसे सरळ कधी घडले नाही. साधन कोणाच्या हातात होते आणि वार्ता ऐकल्यावर माणसाला पुढे काही करता येत होते का, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून राहिले.

सुरुवात कुजबुजीपासूनच करावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतही हा शब्द चारचौघांत उच्चारला जात नसे. रोग लाजिरवाणा मानला जाई, स्त्रियांच्या बाबतीत तर अधिकच. डॉक्टरही रुग्णाला निदान सांगत नसत. परिणाम असा होई की, गाठ लहान असताना कोणी येत नसे, आणि येत तेव्हा शस्त्रक्रियेने साधण्यासारखे फारसे उरलेले नसे. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये काही डॉक्टर आणि व्यावसायिक एकत्र आले आणि त्यांनी कर्करोग-नियंत्रणासाठी एक संस्था काढली. तीच पुढे अमेरिकन कॅन्सर सोसायटी झाली. त्याच वर्षी ‘लेडीज होम जर्नल’ या स्त्रियांच्या लोकप्रिय मासिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराचा कर्करोगावरचा लेख आला. स्वयंपाकाच्या कृती आणि कपड्यांचे नमुने छापणाऱ्या मासिकात हा विषय येणे हीच मोठी गोष्ट होती. पुढे १९३६ मध्ये संस्थेने ‘विमेन्स फील्ड आर्मी’ नावाचे स्वयंसेविकांचे दल उभारले. खाकी पोशाख केलेल्या या बायका घरोघरी जात, पत्रके वाटत, निधी जमवत. संस्थेच्या हिशोबाप्रमाणे १९३५ मध्ये या कामात सुमारे १५ हजार माणसे होती. १९३८ पर्यंत ती दीड लाख झाली.

हे दल उभे राहिले त्या काळात संस्थेचे सर्वोच्च अधिकारी होते क्लॅरेन्स कुक लिटल. ते उंदरांच्या आनुवंशिकतेचे नामांकित अभ्यासक होते. हे नाव लक्षात ठेवावे, कारण ते पुन्हा भेटणार आहेत.

१९५० हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहॅम यांनी, आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध केले. आणि त्याच सुमारास अमेरिकेतील दर दहा घरांपैकी एका घरात दूरचित्रवाणी संच होता. दहा वर्षांत दहापैकी जवळजवळ नऊ घरांत तो पोचला. म्हणजे धोक्याची बातमी आणि ती सांगण्याचे आजवरचे सर्वांत प्रभावी साधन ही दोन्ही एकाच वेळी जन्माला आली. पण हे साधन आधी विकत घेतले सिगारेट कंपन्यांनी.

१९४९ पासून अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर रोज संध्याकाळी बातम्या लागत. त्या कार्यक्रमाचे नावच ‘कॅमल न्यूज कॅरॅव्हॅन’ होते. कॅमल हे सिगारेटचे नाव. १९६० मध्ये ‘फ्लिंटस्टोन्स’ ही व्यंगचित्रमालिका सुरू झाली, तिची एक प्रायोजक विन्स्टन सिगारेट होती. त्या जाहिरातींत मालिकेतली पात्रेच, म्हणजे फ्रेड आणि बार्नी, घराच्या मागे बसून सिगारेट ओढताना दिसत. मालिका मोठ्यांसाठी आहे असे सांगितले जाई. पण घरात चित्रे हलू लागली की मुले समोर येऊन बसतात, हे कोणत्याही शिक्षकाला सांगायला नको.

वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे काय? डिसेंबर १९५२ च्या ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये सिगारेट आणि कर्करोग यांवर एक छोटा लेख आला. वैद्यकीय नियतकालिकांतले संशोधन जे करू शकले नव्हते ते या दोन पानांनी केले. लोक घाबरले, आणि पाठोपाठ खपही घसरला. तेव्हा ४ जानेवारी १९५४ रोजी कंपन्यांनी एकत्र येऊन चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन छापले. आपली उत्पादने अपायकारक आहेत असे आपल्याला वाटत नाही, तरी ग्राहकांचे आरोग्य हीच आपली पहिली जबाबदारी आहे आणि आपण स्वतंत्र संशोधनाला पैसा देणार आहोत, असा त्याचा आशय होता. त्या संशोधन समितीचे वैज्ञानिक प्रमुख म्हणून त्याच वर्षी नेमले गेले क्लॅरेन्स कुक लिटल! कर्करोगाविरुद्ध बायकांची फौज उभी करणाऱ्या संस्थेचा माजी प्रमुख आता ‘अजून पुरावा पुरेसा नाही’ असे सांगू लागला. त्यांना तसे मनापासून वाटत होते, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. आम्हांला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की, शंका पसरवायला फारसे काही लागत नाही. एक विद्वान आणि चारशे वर्तमानपत्रे पुरतात.

दूरचित्रवाणीवर प्रामाणिक प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९५५ मध्ये एडवर्ड मरो या विख्यात पत्रकाराने आपल्या ‘सी इट नाऊ’ या कार्यक्रमाचे दोन भाग सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग या विषयाला दिले. मरो स्वतः एकीतून दुसरी सिगारेट पेटवणारा माणूस होता. दोन्ही बाजू मांडून त्याने निर्णय प्रेक्षकांवर सोडला. १९६५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच तो गेला.

मग ११ जानेवारी १९६४ चा दिवस उजाडला. अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी आपल्या समितीचा ३८७ पानांचा अहवाल वॉशिंग्टनमध्ये जाहीर केला. सभागृहाची दारे बंद करून पत्रकारांना आधी अहवाल वाचायला वेळ दिला गेला. दिवस मुद्दाम शनिवारचा निवडला होता. शनिवारी शेअर बाजार बंद असतो, आणि रविवारची वर्तमानपत्रे सर्वांत जाड असतात. सरकारलाही आता वार्तेचे वेळापत्रक कळू लागले होते. अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता : पुरुषांमध्ये सिगारेट हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे. पण त्यानंतर पाकिटावर जो इशारा छापणे सक्तीचे झाले त्यात ‘कॅन्सर’ हा शब्द नव्हता. सिगारेट ‘आरोग्याला घातक असू शकते’ एवढेच मोघम म्हटले होते.

यानंतरचा प्रसंग जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

जॉन बॅन्झॅफ हा न्यूयॉर्कमधील २६ वर्षांचा वकील. १९६६ च्या अखेरीस दूरचित्रवाणी पाहताना त्याला एक प्रश्न पडला. अमेरिकेत त्या काळी प्रसारणाचा एक नियम होता. हवेतल्या लहरी सार्वजनिक मालकीच्या आहेत, म्हणून ज्या केंद्राला त्या वापरण्याचा परवाना मिळतो त्याने वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नाच्या दोन्ही बाजू लोकांपुढे मांडल्या पाहिजेत. याला ‘न्याय्यतेचा नियम’ म्हणू. तो बातम्यांना आणि राजकीय भाषणांना लावला जाई. बॅन्झॅफला वाटले, ओढणे चांगले असे सांगणारी जाहिरात ही जर एक बाजू असेल, तर दुसरी बाजू कुठे आहे? त्याने डब्ल्यूसीबीएस या केंद्राला पत्र लिहून सिगारेटविरोधी मजकुरासाठी फुकट वेळ मागितला. केंद्राने नकार दिला. तेव्हा त्याने प्रसारण आयोगाकडे तक्रार केली. जून १९६७ मध्ये आयोगाने चक्क त्याच्या बाजूने निकाल दिला. केंद्रांनी सिगारेटविरोधी संदेशांना ‘लक्षणीय वेळ’ द्यायचा. साधारण तीन जाहिरातींमागे एक, हे प्रमाण पुढे वाजवी मानले गेले. १९६८ मध्ये अपील न्यायालयानेही हा निर्णय कायम केला.

हा निकाल म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. सिगारेट कंपन्या त्या काळी दूरचित्रवाणीवर वर्षाला वीस कोटी डॉलर्सहून अधिक खर्च करत होत्या. कर्करोग आणि क्षयरोग यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांकडे त्या मानाने काहीच नव्हते. आता कंपन्या जितक्या जाहिराती विकत घेतील तितका फुकट वेळ विरोधकांना मिळू लागला. जाहिरात जितकी जास्त तितके उत्तर जास्त!

त्या उत्तरांपैकी एक पुष्कळांच्या लक्षात राहिले. ‘पेरी मेसन’ या मालिकेत विल्यम टॉलमन हा नट सरकारी वकिलाचे काम करी. हा वकील जवळजवळ प्रत्येक भागात मेसनकडून हरत असे. टॉलमनला फुप्फुसाचा कर्करोग झाला. आपल्या घरात, बायकामुलांसह, त्याने एक छोटी फीत चित्रित करून घेतली. तीत त्याने आपला रोग नाव घेऊन सांगितला आणि धूम्रपान सोडण्याची विनंती केली. ऑगस्ट १९६८ मध्ये तो वारला. त्यानंतर ती फीत घराघरांत दिसली. पन्नास वर्षांपूर्वी जो शब्द स्त्रियांच्या मासिकात छापायला धैर्य लागे, तो आता मरणाच्या दारातला माणूस बैठकीच्या खोलीत येऊन उच्चारत होता.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेत १९६७ मध्ये प्रौढ माणसामागे वर्षाला सुमारे ४,२८० सिगारेटी ओढल्या जात. १९७० मध्ये हा आकडा सुमारे ३,९८५ वर आला. ओळीने तीन वर्षे खप घसरला. करवाढ वगैरे इतर कारणेही त्यात असणार, सगळे श्रेय फितींना देता येणार नाही. पण आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्यांनी या फितींचा वाटा मोठा मानला आहे.

आता पुढची चाल पाहावी. कंपन्यांनी काय केले? दूरचित्रवाणीवरील जाहिराती मागे घ्यायची तयारी त्यांनी स्वतःच दाखवली. १ एप्रिल १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी बंदीच्या कायद्यावर सही केली, आणि २ जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत रेडिओ व दूरचित्रवाणीवर सिगारेटची जाहिरात बंद झाली. १ जानेवारीपासून का नाही? कारण त्या दिवशी फुटबॉलचे मोठे सामने असतात, तेवढी शेवटची कमाई होऊ द्यावी म्हणून. आरोग्य-कार्यकर्त्यांनी विजय साजरा केला. पण जाहिराती गेल्या तसा त्यांना उत्तर देण्याचा हक्कही गेला. फुकट वेळ आटला, विरोधी फिती मध्यरात्रीनंतर दिसू लागल्या, आणि १९७३ पर्यंत माणशी खप पुन्हा सुमारे ४,१५० वर गेला. कंपन्यांचा पैसा मासिकांकडे, रस्त्यावरच्या फलकांकडे आणि खेळांकडे वळला. १९७१ मध्ये स्त्रियांच्या टेनिस स्पर्धांना व्हर्जिनिया स्लिम्स या सिगारेटचे नाव लागले. मासिकांवर काय परिणाम झाला तेही पुढे मोजले गेले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, सिगारेटच्या जाहिराती घेणारी मासिके धूम्रपानाच्या धोक्यांवर लेख छापण्याची शक्यता बरीच कमी असे, आणि स्त्रियांच्या मासिकांत हे विशेष दिसे. १९१३ मध्ये ज्या मासिकांनी मौन फोडले त्याच जातीच्या मासिकांनी पुन्हा मौन धरले, आणि तेही न सांगता.

बंदी चुकीची होती असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. दीर्घकाळात तिने मुलांच्या डोळ्यांपुढून सिगारेट हलवली, हे मोठेच काम होते. पण तीन वर्षे जो दुहेरी संवाद चालला होता तो थांबला, ही किंमतही खरी आहे.

इथवरची गोष्ट रोग टाळण्याची झाली. लवकर ओळखण्याच्या बाबतीत वार्ता काय करू शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडचे आहे, आणि त्याची सुरुवात भारतात झाली. ऑगस्ट २००८ मध्ये जेड गुडी ही इंग्लंडमधील दूरचित्रवाणीवरची प्रसिद्ध तरुणी ‘बिग बॉस’ या कार्यक्रमासाठी येथे आली होती. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे तिला येथेच, कार्यक्रम चालू असताना कळले. पुढचे सात महिने तिचा आजार पडद्यावर आणि वर्तमानपत्रांत लोकांच्या डोळ्यांसमोर घडला. मार्च २००९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी ती गेली. या काळात इंग्लंडमध्ये गर्भाशयमुखाच्या तपासणीला नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक स्त्रिया जास्त आल्या. आजारपणाचा असा देखावा करावा का, याबद्दल दुमत होते आणि आजही आहे. पण संख्या खोटी नाही. मात्र या बायका जाऊ शकल्या, कारण तपासणी फुकट होती, दवाखाना जवळ होता आणि बोलावण्याची पत्रे वर्षानुवर्षे घरी येतच होती. वार्तेने फक्त धक्का दिला. रस्ता आधी बांधलेला होता.

रस्ता नसेल तर? त्यासाठी आपण आपल्याकडे येऊ.

आपल्याकडे मुख्य प्रश्न फुप्फुसाचा नव्हता, तोंडाचा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्यक विभागाचे फली मेहता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांनी १९६६ पासून भारताच्या पाच जिल्ह्यांतील ५० हजारांहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली. पाठोपाठ पुणे जिल्ह्यातही एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली. तंबाखूच्या सवयी जागोजागी निराळ्या होत्या. आंध्रातील श्रीकाकुलममध्ये बायका चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरत. एर्नाकुलममध्ये विड्यातून तंबाखू खाल्ली जाई, भावनगरमध्ये विडीवर भर. म्हणजे दिल्लीत बसून केलेले एक भित्तिपत्रक तिन्हीकडे चालले नसते.

याच तीन जिल्ह्यांत पुढे १९७७ पासून प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांसह एक वेगळा प्रयोग झाला. तंबाखू वापरणारी सुमारे ३६ हजार माणसे निवडली गेली. दंतवैद्य दरवर्षी घरी जाऊन तोंड तपासत आणि त्या माणसाशी त्याच्या सवयीबद्दल बोलत. जोडीला स्थानिक भाषेतील माहितीपट, भित्तिपत्रके, वर्तमानपत्रांतले लेख आणि आकाशवाणीवरचे कार्यक्रम होते. सल्ला न देता नुसते पाहत राहणे योग्य नव्हते, म्हणून तुलनेसाठी त्याच जिल्ह्यांतील आधीच्या दशकातला गट घेतला. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते आणि ल्यूकोप्लाकिया, म्हणजे कर्करोगाआधी तोंडात येणारे पांढरे चट्टे, नव्याने होण्याचे प्रमाण घटले होते. तिन्ही जिल्ह्यांत यश सारखे नव्हते. पण रेडिओवर ऐकलेली गोष्ट घरी आलेल्या डॉक्टरला उलट विचारता येते, तेव्हा ती मनात उतरते, हे या कामातून दिसले. विरोधाभास असा की, याच १९८० च्या दशकात दूरदर्शनवर लग्नाच्या वरातीचे स्वागत पानमसाल्याने करणारी जाहिरात गाजत होती, आणि तिच्यात हिंदी चित्रपटांतले आदरणीय चेहरे होते. आपल्या पिढीतल्या अनेकांना ती अजून तोंडपाठ असेल.

आता बार्शी. १९८७ मध्ये येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात होती. शहरात अशी नोंदणी करायची तर रुग्णालयांच्या नोंदवह्या तपासल्या की बरेचसे काम होते. खेड्यात रुग्ण रुग्णालयात पोचतच नव्हता. मग नोंद कशाची करायची? म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. लोकांना भेटायचे, कोणती लक्षणे दिसली तर दुर्लक्ष करू नये ते सांगायचे, संशय वाटला तर बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात यायला राजी करायचे. मोजणारा माणूसच वार्ता सांगणारा झाला. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या. कस्तुरी जयंत, भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. ना दूरचित्रवाणी, ना टेलिफोन. बहुतेक काम पायी चालून आणि समोरासमोर बसून झाले होते.

पण बोलण्यालाही मर्यादा आहे. ती दाखवणारा प्रयोगही याच लोकांनी केला. १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना गावांच्या समूहांप्रमाणे चार गटांत विभागले. एका गटाची मानवी पॅपिलोमा विषाणूसाठी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या गटाला फक्त माहिती दिली, हवी असल्यास तपासणी कुठे होते ते सांगितले. सुमारे आठ वर्षांनी पाहिले तेव्हा विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले होते. माहिती देऊन सोडलेल्या, थोड्या लहानच गटात ६४. चौथ्या गटाला तपासणी न देणे नैतिकदृष्ट्या योग्य होते का, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. तरी एक गोष्ट त्या ६४ जणींमुळे निःसंशय कळली. इंग्लंडमधील बाईला टीव्हीवरची बातमी पुरली, कारण तिच्या घराजवळ तपासणी होती. परंड्याजवळच्या बाईला तपासणी कुठे होते हे सांगणे पुरेसे नव्हते. एसटीचे भाडे, बुडणारी मजुरी, घरात विचारायचे कोणाला आणि सांगायचे काय, हे सारे माहितीपत्रकात मावत नाही.

याच बार्शीत संगणक आला तेव्हा तो निराळ्या कामाला लागला. रुग्णाच्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणारा विकृतिशास्त्रज्ञ हा दुर्मीळ माणूस. अवघड तुकडा मुंबईला पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची, अशी रीत होती. बार्शीच्या रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलने काचपट्टीवरील निवडक भागांची छायाचित्रे संगणकातून धाडून सल्ला घ्यायला सुरुवात केली. पहिल्या १०० रुग्णांचा आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीची मर्यादा विद्यार्थ्यांनाही समजेल अशी आहे. मुंबईचा तज्ज्ञ कितीही निष्णात असो, त्याला दिसते ते बार्शीत बसलेल्याने निवडून पाठवलेले चित्र. नेमका भाग निसटला तर तज्ज्ञही निसटतो. म्हणजे तार कितीही वेगवान झाली तरी तिच्या गावाकडच्या टोकाला जाणता माणूस लागतोच. आज पूर्ण काचपट्टी संगणकात उतरवता येते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यामुळे देशातील शेकडो रुग्णालये एकमेकांशी जोडली गेली आहेत, आणि लहान गावातील डॉक्टर अवघड रुग्णाची चर्चा दूर बसलेल्या तज्ज्ञांशी करू शकतो.

तंबाखूच्या बाबतीतही फोन आता आपल्या बाजूला आला आहे. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. २००९ पासून पाकिटांवर चित्रे आली. २०१२ पासून चित्रपटगृहांत इशाऱ्याच्या फिती सक्तीच्या झाल्या. महाराष्ट्राने गुटख्यावर २००२ मध्ये घातलेली बंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये ती पुन्हा आली. राष्ट्रीय पाहणीप्रमाणे २००९-१० मध्ये देशातील ३४.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, २०१६-१७ मध्ये २८.६ टक्के. तरी १९७१ ची अमेरिका इथेही भेटते. तंबाखूची जाहिरात नाही, पण त्याच नावाच्या वेलचीची जाहिरात क्रिकेटच्या सामन्यांत दोन षटकांमध्ये येते, आणि तिला उत्तर द्यायला तिथे कोणी नसते. मोबाइलवर तर अमुक रस प्यायल्याने कर्करोग बरा होतो असे निरोप रोज फिरतात. त्यांना जाहिरात म्हणता येत नाही आणि सर्जन जनरलसारखे दार बंद करून वाचायला वेळही कोणी देत नाही.

वर्गात परतल्यावर आम्ही मुलांना एक रिकामे पाकीट दाखवतो. मुले ते हातोहात फिरवतात. बहुतेकांना भीषण चित्र पाहायची सवय झालेली असते, ती त्याकडे बघून न बघितल्यासारखे करतात. मग आम्ही इशाऱ्याजवळचा छोटा क्रमांक वाचायला सांगतो : १८००-११-२३५६. २०१८ पासून तो छापला जातो. त्यावर फोन केला तर काय होते, असे मुले हमखास विचारतात. पलीकडे माणूस असतो, पैसे पडत नाहीत आणि तंबाखू कशी सोडायची ते तो बोलतो, असे आम्ही सांगतो. एका शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाने तो क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला. कोणासाठी, ते आम्ही विचारले नाही.